कात्रीबाईंचं रडकं गाणं

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायचं काम कात्रीबाईंकडे होतं. हातातली कात्री आणि तोंडातली जीभ, दोन्ही सारख्याच चालायच्या, म्हणून हे नाव पडलं. तरुणपणी बाईंनी रेकॉर्डसाठी एक गाणं गायलं होतं, एकच, आणि त्याने जन्मभर त्यांचा पिच्छा पुरवला.

'जायचं तर जा, दाराला कडी मी लावते', असं त्याचं धृपद. नवरा घर सोडून गेला त्याच वर्षी हे गाणं त्यांच्याकडे आलं. शब्द वाचून बाई खूश झाल्या, पहिल्यांदा ठसक्यात गायल्याही. संगीतकारांना मात्र डोळ्यांत पाणी आणणारं काहीतरी हवं होतं. बाईंचा पाय आपोआप ठेका धरायचा, त्याचा आवाज येऊ नये म्हणून त्यांना गादीवर उभं केलं. लय खाली खाली नेली आणि चहापाण्यालाही न सोडता गळा बसेपर्यंत गाऊन घेतलं. त्या बसलेल्या गळ्यालाच लोक हुंदका समजले आणि गाणं घरोघरी पोचलं. तेव्हापासून दुकानात, दवाखान्यात, बसच्या रांगेत कोणीही उठावं आणि बाईंना 'बिचारी' म्हणावं. स्वतःच्या हाताने कडी लावणारी बाई बिचारी कशी, हा प्रश्न एकालाही पडला नाही.

यंदा एका नव्या गायिकेने तेच गाणं नाचायच्या ठेक्यावर काढलं आणि ते जिथे तिथे वाजू लागलं. काजं करणाऱ्या मुलीच्या मोबाइलवर ते लागलं, तेव्हा मशिनी थांबवून दोघीतिघी मधल्या जागेत नाचायला लागल्या. दारात बाई दिसताच सगळ्या चपापल्या. बाई म्हणाल्या, पुन्हा लाव. त्या नव्या गायिकेने 'जा' म्हणताना चक्क हसून घेतलं होतं. इतक्या वर्षांनी कोणीतरी ते शब्द नीट वाचले होते.

संगीतकार हयात नव्हते, पण त्यांच्या पट्टशिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुरूंच्या गाण्याची विटंबना झाली म्हणून त्याने निषेधाची सभा बोलावली आणि त्यातच बाईंचा सत्कार ठरवला. बाईंनी फक्त, हे नवं गाणं ऐकून काळीज तुटलं, एवढं बोलायचं होतं. बाईंची लेकही मागे लागली. आई बाबांसाठी झुरते आहे, असं समजतच ती मोठी झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मान देतंय तर आडमुठेपणा करू नको, असं तिचं म्हणणं. बाई नुसतं 'बघू' म्हणाल्या.

सभागृह गच्च भरलं होतं. शिष्याने बाईंची ओळख करून देताना स्वतःचेच डोळे पुसले. मग माइक बाईंकडे आला.

"माझं काळीज तुटलंय, हे सांगायला मला बोलावलंय," बाई म्हणाल्या. "तुटलेलं नाही. मी रडत नव्हते, मला रडकी करून ठेवलं. त्या पोरीने गायलंय, तेच माझं गाणं."

शिष्य पुढे झाला आणि गुरूंचे उपकार विसरू नका, असं हलक्या आवाजात बजावू लागला.

"त्यांनी चाल दिली, त्यासाठी मी त्यांचे पाय धरले असते. पण बिचारेपणही दिलं. तेवढं परत घ्या."

आणि बाई गाऊ लागल्या, टाळ्या वाजवत, चांगल्या जलद लयीत. शिष्याने माइक बंद करायला लावला. बाईंनी आवाज चढवला. पुढच्या रांगेतले मानकरी उठून गेले. मागे बसलेल्या कारखान्यातल्या मुलींनी मात्र ठेका उचलून धरला. बाईंनी शेवटपर्यंत लय सोडली नाही. एवढा राग आपल्यात शिल्लक होता, याचाच त्यांना आनंद झाला.

सत्कार अर्थातच राहिला. बसची वाट बघताना लेकीने विचारलं, "म्हणजे बाबा गेले तेव्हा तू रडलीच नाहीस?"

"रडले की. पुष्कळ रडले," बाई म्हणाल्या. "पण घरात. ते मी विकायला काढलं नव्हतं."