चार बोटं काठ

त्या होडीचा काठ पाण्याच्या वर जेमतेम चार बोटं होता आणि आमच्या मोटरबोटीने उठवलेली लाट चांगली वीतभर उंच होती. मोजायची सवय असल्यामुळे पुढे काय होणार ते मला आधीच कळलं.

पाठीवर अकरा-अकरा किलोंच्या पिशव्या घेऊन आम्ही नवराबायको अठरा दिवस अ‍ॅमेझॉनच्या जंगलातून बस आणि बोटी बदलत चाललो होतो. होडीत एक बाई होती, तिच्यापुढे कंदांची रास. लाट आत शिरली, तशी ती हात उंचावून ओरडू लागली.

"अहो, ती बघा हात करतेय. तुम्हीही करा की!" बायको म्हणाली.

"हात कसला करतेय! शिव्या घालतेय. होडीत पाणी गेलं तिच्या."

बायकोने आपला हात खाली घेतला. ती बाई वाडग्याने भराभर पाणी उपसत होती.

इतके दिवस डास, चिखल, काटे, सगळं जंगलच आमच्यावर उठलंय असं मी म्हणत होतो. पण आम्हाला इथे बोलावलं कोणी होतं? जंगलाचा तोच राग त्या बाईने फक्त बोलून दाखवला.

मी नावाड्याला हळू जायची खूण केली.

"जातो हळू," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "पण तुमची साडेचारची बस चुकेल. पुढची परवा."

वळणावर आणखी एक होडी दिसली, तशीच भरलेली. नावाड्याने वेग न बदलता माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि या वेळी हळू जायची खूण केली नाही.