काकूंनी न सोडलेला जावई

"सोडलं! मेल्यांनी सोडलं हो त्याला!"

रोरबाखच्या काकूंच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये नवीन होते, मराठी मंडळातल्या कुणीतरी रोरबाख भागातला पत्ता दिला म्हणून चिवड्याचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभी होते, आणि आतून हा टाहो. म्हटलं, घरात कोणीतरी गेलं! गेला होता तो त्यांच्या लाडक्या अमेरिकन बेसबॉल संघाचा कॅचर, पिचरने फेकलेले चेंडू झेलणारा, आणि तोही दुसऱ्या संघात. चिवडा खाताखाता काकूंनी मला त्याचं सगळं चरित्र ऐकवलं.

काकूंचं निम्मं आयुष्य इथल्या अमेरिकन सैनिकांच्या वसाहतीत, बालवाडीत नोकरी करण्यात गेलं होतं. सैनिक परत गेले, बेसबॉल काकूंकडेच राहिला. सामने त्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर बघत, आणि आधीच निकाल सांगणाऱ्याशी दिवसभर बोलत नसत. पण त्यांचा खरा हंगाम हिवाळ्यात. करार संपलेले खेळाडू तेव्हा मोकळे होतात. जुन्या संघाने धरून ठेवलं नाही तर दुसरीकडे निघून जातात. प्रत्येक जाणाऱ्याचा निवाडा काकू घरबसल्या करत.

"अहो, पस्तिशी उलटली म्हणून काय झालं? पिचर घाबरला की त्याच्यापाशी चालत कोण जाणार? ते कालचं पोर? आणि थांब म्हणून विचारलं तरी का त्याला?" हा शेवटचा प्रश्न ठरलेला. माझा नवरा निखिल त्यांना समजावायला जायचा, की काकू, संघाच्या खर्चाला मर्यादा असते, दोघांना ठेवणं जमत नाही तेव्हा एकाला सोडावं लागतं. "गेनाऊ! अगदी बरोबर, म्हणूनच हरतात," काकू म्हणत. सोडलेला खेळाडू नव्या संघात सपशेल आपटला तरी त्यांचं मत तसूभर हलत नसे. "तिथलं पाणी मानवलं नाही त्याला."

काका फार पूर्वीच गेले होते. मीरा ही एकुलती एक मुलगी, जावई टोबियास. त्या दोघांचा घटस्फोट झाला. भांडणतंटा नाही, तिसरं कोणी नाही, पटेना, बस्स. मीरा नोकरी घेऊन ब्राउनश्वाइगला गेली, टोबियास इथेच राहिला. काकूंनी तेव्हा चकार शब्द काढला नाही. इतक्या शहाण्यासारख्या गप्प बसल्या, याचंच आम्हाला कौतुक.

मग अधिक महिना आला आणि काकूंनी आम्हाला जेवायला बोलावलं. दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच थिजले. टेबलाशी टोबियास. कपाळावर कुंकवाचा टिळा, समोर ताटात अनारशांचं वाण, वर चांदीचा दिवा. जावयाचं वाण! घटस्फोट झालेल्या जावयाला! निखिल तर बूट काढायचंच विसरला.

मी काकूंना स्वयंपाकघरात ओढलं. "काकू, अहो, काय चाललंय काय? सोडलंय मीराने त्याला!"

"तिने सोडलंय. मी कुठे सोडलंय?" काकू आमटी ढवळत म्हणाल्या. "खर्चाची मर्यादा त्या संघाला. माझ्या टेबलाला सहा खुर्च्या आहेत." आणि बाहेर डोकावून, "टोबीराव, घ्या हो अजून एक, लाजताय काय!" टोबीराव खरंच घेत होते.

त्या भाबड्याने वाणाचा फोटो स्टेटसला ठेवला. संध्याकाळी मीराचा फोन. काकूंचे हात पिठात, म्हणून फोन स्पीकरवर. मी शेजारी भांडी पुसतेय. एरवी काकू मराठीत बोलायच्या आणि मीरा जर्मनमध्ये उत्तरं द्यायची. त्या दिवशी ती मराठीत बोलली. "आई, तू नक्की कोणाची आई आहेस?" एवढंच, आणि फोन बंद.

मीरा यायची थांबली. दिवाळीला नाही, नाताळच्या सुट्टीतही नाही. रविवारी काकू खिडकीशी बसून ट्रामच्या थांब्याकडे बघत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "दोघांना ठेवायला गेले बाई, आणि पोटची गेली." आणि ढसाढसा रडल्या. काकूंना रडताना मी पहिल्यांदा बघत होते.

हिवाळा सरता सरता टोबियास आपणहून आला. मीरा माझ्यामुळे येत नाही, म्हणून यापुढे मी येणार नाही, म्हणाला. वाकून नमस्कार केला. आणि काकूंनी त्याला जाऊ दिलं! मला हे कळलं तेव्हा मी ओरडलेच, "काकू! थांब म्हणून विचारलं तरी का?"

"नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "विचारलं असतं तर थांबले असते गं ते."

मला राहवेना. मीराला फोन करून एवढंच सांगितलं, की टोबियास आता इथे येत नाही. पाडव्याला ती आली. आम्हीही होतो. काकूंनी श्रीखंड वाढलं, सगळे जपून जपून हवापाण्याचं बोलत होते. मीराची नजर मात्र सारखी टोबियासच्या नेहमीच्या, भिंतीकडच्या खुर्चीवर.

"टोबी खरंच येत नाही?"

"नाही. सोडलं मी त्यांना."

मीराच्या हातातला चमचा वाटीत आपटला. "सोडलंस? टोबीला? आई, मी माझ्या नवऱ्याला सोडलं. तुझ्या जावयाला तू कसं सोडलंस? आणि थांब म्हणून विचारलंस तरी का त्याला?"

तोच आवाज, तोच टाहो! निखिल आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. काकूंच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. त्यांनी फोन मीराकडे सरकवला. "आल्झो, मग लाव फोन. पोळ्या गार व्हायच्या आत ये म्हणावं." टोबीराव धापा टाकत आले.

यंदाच्या शरदात काकू झोपेतच गेल्या. आदल्या दिवशी तर माझ्याशी नव्या पिचरवरून भांडल्या होत्या. निरोपाच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत मीरा आणि टोबियास बसले होते, मधली एक खुर्ची मोकळी ठेवून. इथली माणसं अशा वेळी किती शांत बसतात! मला नाही जमत. मला अजून हे खरंच वाटत नाही. अशा कशा गेल्या काकू? थांबा म्हणून विचारलं तरी का कोणी त्यांना?