मातेने समजल्याचे सांगितले

टेबलावर दोन कागद होते आणि दोन्ही एकाच बाईबद्दलचे. एक सारिकाच्या युरिन कल्चरचा रिपोर्ट. दुसरं माझ्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीचं, प्रियांकाचं केसबुक. घरभेटीत काय पाहिलं, काय सांगितलं, ते आमच्या पोरी त्यात लिहितात.

कल्चर म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवायचे आणि एकेक अँटिबायोटिक त्यांच्यावर लावून बघायचं. ज्यानं जंतू मरतात त्यापुढे एस. ज्याला ते जुमानत नाहीत त्यापुढे आर. सारिकाच्या रिपोर्टवर झाडून सगळ्या गोळ्यांपुढे आर होता. एस फक्त दोन इंजेक्शनांपुढे. सातवा महिना आणि तिसऱ्यांदा थंडीताप. जंतू किडनीपर्यंत चढले तर दिवस भरायच्या आत कळा सुरू होऊ शकतात. दौंडच्या डॉक्टरांनी लगेच ॲडमिट व्हायला सांगितलं होतं. घरचे नेत नव्हते.

आणि केसबुकात काय, तर सुरेख अक्षरात: ‘औषधांचा कोर्स पूर्ण करण्याचे महत्त्व पटवून दिले. मातेने समजल्याचे सांगितले.’

माझं डोकंच फिरलं. वर्गातली सगळी केसबुकं काढली. सगळ्यांत तेच वाक्य, काना-मात्रेसकट. एका बाईला तर कसलंच औषध चालू नव्हतं. तिलाही कोर्सचं महत्त्व पटलेलं!

प्रियांकाला बोलावलं.

“सारिकाला काय सांगितलंस? जसंच्या तसं सांग.”

“गोळ्या घ्या म्हणलं, मॅडम.”

“किती दिवस?”

ती केसबुकाची पानं चाळू लागली.

“रिपोर्टवरचा हा आर, रेझिस्टन्स, म्हणजे काय?”

व्याख्या घडाघडा आली. पेपरातही तिला त्या प्रश्नाचे पैकीच्या पैकी होते.

“मग ही ओळ कुठनं आली?”

“तुम्हीच नमुन्याचं केसबुक दिलंय, मॅडम. त्यात हाय ती.”

कपाट उघडलं. होती, माझ्याच अक्षरात. मला फार लाज वाटली.

प्रिन्सिपल म्हणाल्या, “चार दिवसांवर इन्स्पेक्शन आलंय. केसबुकं पूर्ण आहेत ना? मग कशाला उकरून काढताय?”

“पूर्ण आहेत म्हणूनच,” मी म्हणाले आणि जीप मागितली. आमचं नर्सिंग स्कूल शिरूरकडचं, सारिकाचं सासर खुटबावला. प्रियांकाला शेजारी बसवलं. सारिकाला घेतल्याशिवाय परतायचं नाही, एवढं ठरवलं होतं.

सारिका ओसरीवर गोधडी घेऊन बसली होती. हाताला चटका बसेल असा ताप. सासूबाईंनी चहा टाकला.

“गोळ्या दिल्या होत्या, त्या संपवल्या का?” मी विचारलं.

“ताप उतारला तवा बंद केल्या की. लै गरम पडत्यात पोटुशीला. ठिवल्यात जपून.” त्यांनी चहापत्तीचा डबा आणला. त्यात अर्धी स्ट्रिप. “दोन म्या घेतल्या, दाढंला.”

प्रियांकानं सुरुवात केली. “मावशी, प्रतिजैविकांचा अपुरा वापर केल्यास जंतूंमध्ये प्रतिरोध...”

“व्हय, व्हय,” सासूबाई म्हणाल्या. झालं, मातेने समजल्याचे सांगितले! मी तोंड उघडणार होते, पण पोरगी मध्येच थांबली. तिची नजर गोठ्याकडे गेली होती. सासरे, आप्पा, धार काढत होते. एका गाईचं दूध वेगळ्या बादलीत.

“आप्पा, दगडी झाली का हिला?” प्रियांकानं विचारलं. दगडी म्हणजे गाईची कास सुजून कडक होते. प्रियांका कोरेगाव भीमाकडची, घरी चार गाई.

“व्हय. सडात औषधाची ट्यूब सोडतोय. हे दूध डेअरीला चालत न्हाई.”

“पण सूज तर उतरलीय. मग बंद करा की.”

आप्पा हसले. “येडी का खुळी? डॉक्टरनं सांगितल्यात तेवढ्या सोडायच्या. मागल्या बारीला अर्ध्यात सोडलं, तर दुप्पट सुजली. मग ती ट्यूबबी लागू पडंना. एक सड कायमचा गेला.”

“मग वहिनीच्या गोळ्या अर्ध्यातच का बंद केल्या, आप्पा? आता तिलाबी गोळ्या लागू पडंनात. आन् तिच्या पोटात बाळ हाय.”

आप्पांचा हात थांबला. ते उठून ओसरीवर आले. तो डबा बघितला, मग बायकोकडे बघितलं.

“म्हंजी गाईसारखंच हाय व्हय हे?” सासूबाईंचा आवाज एकदम बारीक झाला.

“गाईपरास जास्त,” आप्पा म्हणाले. “पिशवी भर तिची.”

दौंडला ॲडमिट केलं. सात दिवस इंजेक्शनं. पाचव्या दिवशी ताप नव्हता म्हणून सारिकाच घरी जायचं म्हणाली, तर सासूबाईंनी तिला दटावून झोपवलं. नंतरचं कल्चर स्वच्छ आलं.

दरम्यान इन्स्पेक्शन झालं. आलेल्या मॅडमनी प्रियांकाच्या नव्या नोंदीवर बोट ठेवलं: ‘सासू म्हणाली, म्हंजी गाईसारखंच हाय व्हय.’

“ही काय केसबुकाची भाषा?”

“सासूबाईंची आहे,” मी म्हटलं. “त्यांना समजलंय.”

शेरा बसला. बसू दे. आता आमच्या पोरी ‘समजले’ लिहीत नाहीत. बाई स्वतःच्या तोंडानं काय म्हणाली, ते लिहितात. एखादीला काही सांगता येत नसेल, तर पोरीला परत जावं लागतं.

सारिकाचे दिवस पूर्ण भरले. मुलगी झाली, चांगली खणखणीत रडणारी. प्रियांकाचे त्या खोट्या ओळीचे मार्क मी कापलेच. पण नमुन्याच्या केसबुकातलं माझं पान त्याआधी फाडलं.