खिळ्यावरचा कप

नव्वदच्या आसपासची गोष्ट. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या संस्थेचं ऑफिस होतं. बारवीकडच्या कातकरी वाडीवरून एक बाई दर मंगळवारी औषधाला यायची. पायरीवर बसून चहा प्यायची, कप विसळायची आणि दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवायची. वाडीवाल्यांसाठी तो एक कप वेगळा ठेवलेला. आत भिंतीवर समतेची पोस्टरं मीच चिकटवली होती, पण तो खिळा मला कधी खुपला नाही.

एकदा कप अडकवताना ती सहज म्हणाली, "ताई, तुमी वाडीवर येता तवा आमी तुमाला येगळा पेला देतो का?"

ती गेल्यावर मी खिळाच उपटला.

पुढच्या मंगळवारी तिला आत बाकावर बसवलं, आमच्यातलाच एक कप दिला. तिने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर कमी हाय."

इतक्या वर्षांतली तिची ही पहिली तक्रार. मला केवढं हायसं वाटलं!