मास्तरांक पावडर लागली!

गेल्या वर्षी गावच्या देवळात माझ्या प्रकृतीसाठी गाऱ्हाणं घातलं गेलं, तेव्हा मी अगदी ठणठणीत होतो.

दोष कुणाचाच नाही. जामसंड्याच्या शाळेत भूगोल शिकवता शिकवता माझी आकृती टेबलावरच्या पृथ्वीच्या गोलासारखी होऊ लागली होती. म्हणून वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी जिमला जाऊ लागलो. तिथला ट्रेनर प्रसाद हा माझाच जुना विद्यार्थी. नववीत मी त्याला तासभर बाकावर उभं केलं होतं, आणि ते तो विसरला नव्हता.

"सर, अजून दहा!"

"अरे, मेलो मी!"

"व्यायाम करताना बोलायचं नाही, सर!"

तीन महिन्यांत माझं वजन पाच किलोंनी उतरलं. मग एक दिवस प्रसाद म्हणाला, "सर, आता प्रोटीन पावडर चालू करा." झालं! घ्यावी की न घ्यावी? स्टाफरूममध्ये दोन तट पडले. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "बिनधास्त घ्या." खेळाचे सर म्हणाले, "मूत्रपिंडं जातील." (दोघांनीही कधी घेतलेली नव्हती, पण आवाज दोघांचाही चढला होता.) माझी बायको स्मिता एवढंच म्हणाली, "आधी डॉक्टरांना विचारा, मग काय ते ठरवा." मला ते पटलं आणि मी आधी डबा मागवला.

डबा आला तेव्हा आई ओट्यावर बसली होती. डबा कसला, झाकणाची बादलीच!

"ह्या काय रे?" आईने विचारलं.

"ताकदीची पावडर, आई. रोज दोन चमचे घेवची."

"कधीपर्यंत?"

"ता अजून ठरूक नाय," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

आईने माझ्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला. तिच्या हिशेबी पावडर दोघांनाच लागते, तान्ह्या मुलाला आणि अंथरुणाला खिळलेल्याला. मी तान्हा नव्हतो. तेवढ्यात अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या शालूकाकींचं डोकं वर आलं.

"तरीच!" काकी म्हणाल्या. "मी म्हणतंय, मास्तर इतके बारीक कित्याक झाले!"

संध्याकाळपर्यंत आमचा ओटा माणसांनी भरला. शालूकाकींनी डझनभर गावठी अंडी आणली. कुणी तिसऱ्यांचे शिंपले आणले, कुणी सुके बांगडे, कुणी खास माझ्यासाठी शिजवलेली पेज.

"अहो, मी आजारी नाय!" मी ओरडलो.

"आजारी माणूस असोच म्हणता," शालूकाकी इतरांना हळूच (म्हणजे रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात) म्हणाल्या.

आता सिद्धच करावं म्हणून मी अंगणात उतरून जोर मारायला लागलो. दहापर्यंत उत्तम गेले. अकराव्याला थोडी धाप लागली. बाराव्याला कुणीतरी ओरडलं, "धरा रे तेंका!" आणि चार जणांनी मला उचलून खाटेवर नेऊन ठेवलं. वर पंख्याने वारा घातला. स्मिता पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली. लोकांना वाटलं, ती रडते आहे!

शेवटी मी देवगडला डॉक्टरांकडे गेलो. आईलाही बरोबर नेलं, पण ती बाहेर बाकावर बसून राहिली, आत काही यायला तयार होईना. डॉक्टरांनी तपासलं, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि माझं रोजचं जेवण विचारलं. मी मासळी, अंडी, डाळ, उसळी, कुळथाची पिठी अशी यादी सांगत गेलो, तसे ते हसायला लागले.

"मास्तर, तासभराच्या व्यायामाला हे भरपूर झालं. जेवणातून मिळत नसेल, तर पावडरीचा विचार करायचा. तुम्हाला गरजच नाही."

मी हलका होऊन बाहेर आलो. "आई, पावडर बंद! गरजच नाय म्हणाले!"

आईने हे घरी जाऊन शालूकाकींना सांगितलं. काकींनी गावाला सांगितलं, "डॉक्टरान औषध बंद केल्यान! तो म्हणालो, आता गरजच नाय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी बहीण वंदना कुडाळहून धावत आली. मी नेमका सुरमईच्या चौथ्या तुकडीवर होतो. तिने मला पाहिलं आणि दाराला धरून हंबरडाच फोडला, "खाऊंदे गो तेका! काय काय खावचा वाटता, ता सगळा घाला!"

आणि मग, डबा आल्यापासून आठव्या दिवशी, देवळात गाऱ्हाणं. मला पुढे उभं केलं होतं. गुरवाने नारळ ठेवला आणि आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराक जी काय इडापिडा झाली असात..."

"होय म्हाराजा!" गाव गरजलं.

"ती सात समुद्रापलीकडे घालव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मी मागे वळून सांगणार होतो की इडापिडा नाही, जिम आहे. पण शेजारी आई उभी होती. हात जोडून ती प्रत्येक 'होय म्हाराजा' सगळ्यांच्या आधी म्हणत होती. मीही म्हटलं, "होय म्हाराजा."

पुढचा महिनाभर गावाने मला खाऊ घातलं. जिमला जायची बंदी होती. महिन्याअखेर माझं वजन सात किलोंनी वाढलं आणि गावाने निर्वाळा दिला, "मास्तर बरे झाले!"

तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या भारोभार नारळ बोललंय देवाक."

"आई, पण माका काय झालाच नव्हता! डॉक्टर काय म्हणाले, ता तुका दोनदा सांगलंय ना?"

"म्हायत आसा माका," ती म्हणाली. "पण ते आठ दिवस माका जा वाटला, ता तर खराच होता ना?"

नवस फेडायचं ठरलं. नारळाच्या वखारीतला मोठा तराजू देवळासमोर टांगला आणि मी गुपचूप पारड्यात बसलो. साठ नारळ झाले, मी हललो नाही. शंभर झाले, तरी मी जमिनीवरच. आणलेले नारळ संपले, तशी माणसं सायकलवरून आणखी आणायला गेली. प्रसाद एका बाजूला डोकं धरून उभा होता. एकशे बत्तिसाव्या नारळाला माझं पारडं उचललं आणि साऱ्या गावाने टाळ्या वाजवल्या!

मग घरोघरी नारळ वाटले. शालूकाकी पिशवी सावरत समाधानाने म्हणाल्या, "मास्तरांनू, बारीकच ऱ्हवला असतास तर आमका एवढे गावले नसते!"

बावीस वर्षं उभं राहून शिकवून जे मला जमलं नाही, ते मी त्या दिवशी नुसतं बसून करून दाखवलं. गावातल्या प्रत्येक घराच्या पदरात माझ्यामुळे काहीतरी पडलं!