चिकाची वाटी

"असता तसा." म्हणजे, असतंच तसं. एवढ्या दोन शब्दांवर तिने आमच्या वाडीतली निम्मी बाळंतपणं निभावली. पोर एकामागून एक शिंकलं, असता तसा. झोपेत दचकलं, डोळे तिरळे केले, असता तसा. ढुंगणावर निळा डाग दिसला, अंगाची सालं निघायला लागली, तरी उत्तर तेच. आम्ही तिला असताबायच म्हणायचो. तिचं खरं नाव तिच्या बकऱ्यांनाच ठाऊक असेल! जयगडजवळच्या आमच्या वाडीची ती सुईण, आणि त्यातून उरलेला सगळा वेळ बकऱ्यांचा.

माझा पहिला मुलगा इथेच, माहेरी, आठ दिवसांचा होऊन गेला. का गेला, ते कुणी सांगितलं नाही. त्यामुळे दुसऱ्या खेपेला आले ती जीव मुठीत धरूनच. आई नव्हती, घर आत्या चालवायची, आणि तिच्या शब्दापुढे बाबांचंही चालत नसे. यजमान रत्नागिरीला कारकून. त्यांची कार्डं यायची, की डॉक्टरांच्या पुस्तकाप्रमाणे घड्याळ लावून दर तीन तासांनी पाजणे. घरातलं एकुलतं एक घड्याळ तर कधीचं बंद पडलेलं! आत्या म्हणे, तीन दिवस अंगावर पाजायचंच नाही. कुणाचं ऐकू नि कुणाचं नको, डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

रीत अशी होती, की बाळंतिणीचं पहिलं घट्ट पिवळं दूध, म्हणजे चीक, पोराला बाधतो. तो सुईणीने वाटीत पिळायचा आणि घरातल्या वडीलधारीने माडाच्या बुंध्याशी ओतायचा. पोराला तोवर मध नि गूळपाणी. गाईच्या चिकाचा मात्र खरवस करून आम्ही मिटक्या मारत खात होतो! यात काही विपरीत आहे असं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही.

मुलगी झाली. असताबायने दार लोटलं आणि पोर सरळ माझ्या छातीशी लावलं.

"अगं, आत्या काय म्हणेल!"

"गप ऱ्हव. करडाला चीक नाय गावला तर ता उभा ऱ्हवत नाय. माज्या डोळ्यांदेखत मेलीत."

मग पदराआडून तिने एक लहानशी लोटी काढली. शेळीचं दूध वाटीत ओतलं, चिमूटभर हळद घातली, बोटाने ढवळलं आणि वाटी बाहेर दिली. आत्याने ती माडाखाली ओतून हात जोडले. मला हसू फुटत होतं आणि पापाच्या भीतीने घामही फुटत होता. तीन दिवस हेच चाललं.

तिसऱ्या दिवशी पोर पिवळं पडलं. आधी तोंड, मग छाती, मग डोळ्यांतला पांढरा भागसुद्धा. मी पाजलेला चीकच अंगावर उमटला, दुसरं काय! एक गेलं, आता हेही मी माझ्या हाताने घालवणार. आत्याला सगळं सांगून टाकायचं ठरवलं, तेवढ्यात असताबाय आली.

तिने खिडकी उघडली, पोर उजेडात धरलं, नाकाचा शेंडा अंगठ्याने दाबून बघितला. लंगोट चाचपला. करंगळी तोंडात देऊन बघितली.

"वढता जोरात. मुतता, रडता. असता तसा."

"नक्की ना गं?" मी विचारलं.

"मला बकऱ्यांचा ठाऊक, बाय. मानसाच्या पोराला चीक मीपन पयल्यांदाच पाजलाय."

तरी मी आत्याला काही बोलले नाही. का, ते मला आजही सांगता येणार नाही. असताबाय दिवसातून दोनदा येऊन पोर निरखून जायची. दहाव्या दिवशी पोरीचा रंग निवळला, गाल भरले. "बघ, चीक ओतला म्हणून पोर तगलं!" आत्या येईल-जाईल त्याला सांगत सुटली. असताबाय शेगडी फुंकत राहिली.

पुढच्या वर्षी बकऱ्या शेजारणीला देऊन ती गिरणीतल्या मुलाकडे मुंबईला निघाली. मी तेव्हा माहेरी आले होते. पोरीला कडेवर घेऊन धक्क्यापर्यंत गेले. आगबोटीकडे नेणारी होडी लागलेली होती. वर्षभर गिळलेला प्रश्न तेव्हा तोंडातून निघाला.

"पहिल्याला पाजला असता तर तो जगला असता का गं?"

ती ते दोन शब्द म्हणेल, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने पोरीच्या टाळूचा वास घेतला.

"त्याचा चीक मीच पिळला हुता, बाय. त्याच्यानंतर मी करडांकडं बघाया लागले."

आणि ती होडीत चढली. तिच्या पाया पडावं की तिला दोन शिव्या घालाव्यात, मला कळेना. होडी लांब गेली तरी मी तशीच उभी. पोर भुकेने रडायला लागलं, तेव्हा धक्क्याच्या दगडावर बसले आणि तिला पदराखाली घेतलं.