म्यानाचा रिकामा खण

दत्तूभाऊ गेल्याची बातमी मला कामरगावच्या स्टँडवर कंडक्टरनं दिली. "तुमचे अनसिंगचे साडू गेले म्हन्ते," एवढंच बोलून त्यानं घंटी मारली... खरं तर दत्तूभाऊंविषयी चांगलं लिहायला बसलो आहे. पण तेराव्याला त्यांच्या घरी जे पाहिलं त्याची किळस जात नाही.

त्यांचे थोरले बंधू आबाजी. एकत्र घर, देवघर आबाजींकडे. त्यात एक सुरी आणि वीतभर त्रिशूळ होतं. सुरी पणजोबांनी लढाईत शत्रूकडून हिसकावली आणि त्रिशूळ देवीनं दिलं, असं आबाजी सांगत. दर दसऱ्याला दोन्हींवर तेल-शेंदराचा नवा थर चढे, जुना कोणी काढत नसे. त्या पुटांत मुंग्या, झुरळाचे पाय, तांदळाचे दाणे रुतलेले मी पाहिलेत. वास खवट. तिथलं तीर्थ मी एकदा घेतलं, पुन्हा घेतलं नाही. सुरीचं चामड्याचं म्यान देवाजवळ चालत नाही म्हणून बाहेर फेकलेलं, ते दत्तूभाऊंनी आपल्या खोलीत खुंटीला अडकवलं होतं.

मग दत्तूभाऊंच्या मुलीला, शालूला, कामरगावचं स्थळ आलं. माणसं जातीतली, घरची विहीर, भाजीपाला पिकवून आठवडी बाजारात नेणारी. शालूच्या मनात होतं. आबाजींनी मोडता घातला. "ज्याच्या देवघरात लढाईची सुरी, त्याची पोर वांगे तोलाले जाईन?" शालू जेवेनाशी झाली.

दत्तूभाऊ वाद घालणारे नव्हेत. घासून देतो म्हणून त्यांनी सुरी मागून आणली आणि घासलेटच्या चिंधीनं पुटं काढत बसले. मी शेजारी. खालून शिंगाची मूठ निघाली, पात्यावर इंग्रजी अक्षरं. मी पट्टीनं पातं मोजलं, म्यानही मोजलं. म्यानाला सुरीच्या जागेशेजारी आणखी एक अरुंद खण होता, रिकामा. तो कशासाठी, हे मला काही कळेना.

वाशिमला जंगलखात्यातले एक निवृत्त रेंजर होते, गोऱ्या साहेबांबरोबर जंगलं फिरलेले. आम्ही सुरी-म्यान घेऊन गेलो. अक्षरं वाचून ते म्हणाले, जर्मनीतल्या गावाचं नाव आहे, ही तिकडच्या शिकाऱ्याची सुरी, शंभर वर्षांच्या आतली. शेजारच्या खणात काटा असतो, मारलेलं जनावर तिथंच भाजून खायला. तुमचा हरवलेला दिसतो. आम्ही परतीची एसटी धरली. अनसिंग दिसायला लागल्यावर दत्तूभाऊ हळूच म्हणाले, "हरवला नाई."

दुसऱ्या दिवशी घरच्या सगळ्यांसमोर त्यांनी त्रिशूळ घासलं. तीच शिंगाची मूठ. म्यानाच्या रिकाम्या खणात घातलं तर शेवटपर्यंत गेलं.

"दादा, हे त्रिशूळ नाई. मटन खायचा काटा हाये."

चातुर्मासात कांद्यालासुद्धा न शिवणारं ते घर. आबाजींनी विचारलं, "मंग आजवर आपन पूजा कायची केली?"

"लोखंडाची. त्याले काही वाटलं नाई. पोरीले वाटून राह्यलं."

लग्न झालं. आबाजी आले नाहीत. सुरी आणि काटा मात्र त्यांनी लग्नाच्याच दिवशी उचलून परत देवघरात नेले. ती सुरी आमच्या मुलखात कशी आली हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि दत्तूभाऊंनी कधी अंदाजानं सांगितलं नाही.

तेराव्याला आबाजी पाहुण्यांना देवघरात नेत होते. जर्मनीच्या बादशहानं शिकारीत खूश होऊन पणजोबांना सुरी दिली, असं सांगत होते. "आमच्या दत्तूनंच तं शोधून काढलं." शेजारी काटा पुन्हा त्रिशूळ होऊन उभा, ओल्या शेंदरानं बोटाएवढा जाड. लोक वाकत होते आणि पंगतीला जात होते. ज्या माणसानं खोटं खरवडून काढलं, त्याच्याच नावानं त्याहून मोठं खोटं, तेही त्याच्या तेराव्याला.

मी पंगतीतलं ताट सारून दत्तूभाऊंच्या खोलीत गेलो. म्यान खुंटीलाच होतं, अरुंद खणात त्यांचा पेन. शालू मागून आली. मी म्हटलं, एवढ्या शेंदरानं आता तो काटा यात जाणार नाही.

तिनं पेन काढून माझ्या हातात दिला आणि म्यान खुंटीवरून उतरवलं.

"जाईन तो, मौसाजी. बाबांची घासलेटची बाटली कुठं हाये?"

फळीवरची बाटली मी काढून दिली.